मामा ‘नको’ म्हणाले नाहीत

पुण्यात नोकरी करणाऱ्या एका वाचकाचं पत्र आहे. फोर बाय फोर गाडी घेतल्यावर ते ऑफ-रोडिंगच्या एका ग्रुपमध्ये सामील झाले. गेल्या वर्षी भाद्रपदात त्यांनीच या ग्रुपला सातारा जिल्ह्यातल्या आपल्या मामांच्या गावी नेलं. चौदा गाड्या पाणंदीने, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या गावच्या वाटेने, वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर चढल्या, पाण्याने भरलेल्या डबक्यांतून फिरल्या, रील निघालं आणि ते भरपूर चाललं. मामींनी सगळ्यांना पिठलं-भाकरी वाढली. पुढे अनोळखी गाड्याही शनिवार-रविवारी तिथे येऊ लागल्या. गुरं राखणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांशी त्यातल्या कोणाची तरी बाचाबाची झाली. मामेभावाने फोनवर सांगितलं, की पाणंद चालायच्या लायकीची राहिलेली नाही, डेअरीला दूध घालायला माणसं लोकांच्या बांधांवरून जातात, आणि ‘तुझ्या पुण्याच्या पाहुण्यांनी हे सुरू केलं’ असं गावात बोललं जातं. मामा मात्र चकार शब्द बोललेले नाहीत. उलट, ‘यंदा कधी येताय, जेवणाचं आधी सांगा’ असं विचारतात.

यंदा गणपतीनंतर ग्रुपला बावीस गाड्या घेऊन पुन्हा जायचं आहे. पत्नी म्हणते, गाडी विकून टाका. ग्रुप म्हणतो, मामांची हरकत नाही, सडा उजाड आहे, पवनचक्कीवाल्यांनी डोंगर फोडले ते चालतं, आपण नाही गेलो तरी दुसरे जाणारच. आणि चिपळूणला पूर आला तेव्हा याच गाड्या कामाला आल्या होत्या. वाचकांचा प्रश्न असा: ‘मी ग्रुप सोडू, गाडी विकू, की हे सगळं उगाच मनाला लावून घेतोय?’

नमस्कार,

पत्राखाली तुम्ही ‘एक भाचा’ अशी सही केली आहे. उत्तराची सुरुवातही तिथूनच करते, कारण तुमच्या पत्रात गाडीपेक्षा मामा जास्त वेळा आले आहेत.

तुम्ही लिहिता, ‘मामांची हरकत असती तर ते बोलले असते.’ खरंच बोलले असते? भाचा दारात उभा, मागे त्याचे मित्र, बूट काढून ओट्यावर टेकलेले. अशा वेळी ‘पाणंद आमच्या दुधाची आहे, गाड्या खालीच लावा’ म्हणणारा मामा मी तरी पाहिलेला नाही. बहिणीचा मुलगा, त्यात चारचौघांसमोर त्याचा मान राखायचा. आणि ते ‘जेवणाचं आधी सांगा’ हे वाक्य जरा पुन्हा वाचा. चौदा गाड्या म्हणजे निदान तीस-पस्तीस माणसं. त्यांच्या भाकऱ्या मामींनी एकटीने थापल्या, की शेजारच्या दोघी-तिघींना हाताखाली बोलावलं, हे पत्रात नाही. बहुतेक तुम्हाला माहीतही नसावं. मामांना रीतीत राहून जेवढी कुरकुर करता येत होती तेवढी त्यांनी त्या एका वाक्यात केली, असा माझा संशय आहे. अंदाज चुकीचा असेलही, पण मामेभावाने वडिलांच्या पाठीमागे तुम्हाला फोन केला यातून काय ते समजा.

बरं, मामांनी मनापासून ‘या’ म्हटलं असं धरून चालू. तरी त्यांचं ‘या’ लागू कुठवर होतं? त्यांच्या सातबाऱ्यावरच्या जमिनीपुरतं. पाणंद गावाची. आणि सडा कोणाचा, हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. ग्रुपमध्येही कोणी विचारलेलं दिसत नाही. सह्याद्रीतले सडे सगळे एकाच मालकीचे नसतात. एखादा वनखात्याकडे असतो, एखादा गायरान, कुठे देवस्थानचं नाव, कुठे अख्ख्या भावकीचं सामाईक खातं. कुंपण नसल्यामुळे वरून सगळं एकसारखं दिसतं, एवढंच. राखीव वन असेल तर परवानगीशिवाय आत शिरणं हाच १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे. अभयारण्याची हद्द असेल तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो आणि तो याहून कडक आहे. तुमच्या वर्णनावरून गाव कोयनेच्या अंगाला असावं असं वाटतं. तिकडे २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, त्यामुळे ही नुसती कागदी शंका नव्हे. गट नंबर मामेभाऊ सांगेल, सातबारा महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या बघता येतो, आणि तरी उलगडा झाला नाही तर वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात जाऊन विचारायचं. टायर निवडताना तुम्ही याहून जास्त वेळ घातला असेल.

आता ‘सडा उजाड आहे’ या वाक्याकडे येते. ग्रुपच्या सगळ्या युक्तिवादांत हे मला सर्वांत जास्त खटकलं, कारण ते तुम्हीही मनातून मान्य केलेलं दिसतं. ‘तिथे पीक नाही की झाड नाही’ हे शब्द तुमचेच आहेत.

भाद्रपदात सड्यावर गाडीतून उतरून एकदा गुडघे टेकून बसा. खाली जांभा आहे, काळा पडलेला, खरबरीत, सच्छिद्र. त्याच्या खळग्यांत आणि भेगांत माती साठलेली असते, कुठे बोटाच्या पेराएवढी, कुठे तेवढीही नाही. त्या पेरभर मातीत गेंदाची पांढरी बटणं उभी असतात. त्यांच्यात मिसळून सीतेची आसवं, निळीजांभळी, नखाएवढी. थोडं बाजूला दवबिंदू दिसेल, पानांवरच्या केसांच्या टोकांना चिकट थेंब लागलेले, त्यात एखादं चिलट अडकलेलं. सीतेची आसवं आणि दवबिंदू या दोन्ही वनस्पती कीटक खातात. हौस म्हणून नव्हे, त्या मातीत खायला दुसरं काही नाही म्हणून. ही सगळी मंडळी जूनमध्ये उगवतात, तीन-चार महिन्यांत फुलतात, बी टाकतात आणि जातात. ते बी पुढचे सात-आठ महिने त्याच पेरभर मातीत उन्हात पडून राहतं. म्हणजे ती माती उडाली की यंदाची फुलं तर जातातच, पुढच्या वर्षीचीही गेली.

तुम्ही पाठवलेलं रील मी पाहिलं. पांढरी गाडी ज्या उथळ पाण्यात शिरते त्याला तुम्ही डबकं म्हणता. साताऱ्याच्या सड्यांवर अशा पाण्यात वायतुरा उगवतो, गुलाबी, वर दोन शेंड्यांचा तुरा असलेला. त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, आणि सह्याद्रीच्या मोजक्या सड्यांपलीकडे तो जगात कुठे नाही. तुमच्या मामांच्या सड्यावर तो होता की नाही, ते व्हिडिओवरून मला सांगता येणार नाही. पण गाडी घालण्याआधी खाली उतरून पाहिलं कोणी? कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं, तिथे आज माणसांना मोजून आत सोडतात. मामांचा सडा त्याच जांभ्याचा, त्याच पावसातला. त्याला फाटक नाही आणि पावती फाडणारं कोणी नाही, म्हणून तो उजाड ठरला.

त्याच रीलमध्ये सगळ्यांत जास्त कौतुक झालेला क्षण आहे तो चाकं जागच्या जागी गरागरा फिरतात आणि चिखलाचा फवारा बोनेटवरून मागे जातो तो. तो फवारा म्हणजेच वर सांगितलेली माती. मला यात आणखी एक गंमत वाटते. गाडी चालवणाऱ्यातले जाणकार सांगतील, की चाक जागेवर फिरणं म्हणजे पकड सुटणं. फोर-लोमध्ये (चारही चाकांना संथ, जास्त जोर देणारी सोय) टाकून, योग्य गिअरमध्ये, टायरमधली हवा जरा कमी करून, संथपणे गाडी काढणं हे कसब. इगतपुरीला महिंद्राची ऑफ-रोड प्रशिक्षण अकादमी आहे, तिथे पैसे भरून माणसं हेच शिकतात. म्हणजे ज्या दृश्यासाठी तुम्ही सड्याची माती उडवलीत, ते दृश्य चांगल्या ड्रायव्हिंगचंसुद्धा नव्हतं. ग्रुपमध्ये हे सांगून बघा. निसर्गाच्या नावाने न हलणारी माणसं या मुद्द्यावर हमखास हलतात.

‘मग पावसाळा सोडून जाऊ’ असं तुम्ही म्हणाल. ते बरोबरच आहे, पण तेवढ्याने भागत नाही. उन्हाळ्यात त्याच सड्यावर टिटवी अंडी घालते. घरटं असं नसतंच, उघड्या खड्यांत एक खोलगट जागा आणि तिच्यात चार ठिपकेदार अंडी, खड्यांच्याच रंगाची. ड्रायव्हरच्या सीटवरून ती दिसणं अशक्य. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली तर समजायचं की अंडी किंवा पिल्लं जवळपास आहेत आणि गाडी आली तशी मागे घ्यायची. पावसाच्या आधीचे दोन-तीन महिने हेच सड्यावरच्या सरड्यांच्या विणीचेही दिवस असतात. गळ्याखाली निळा-काळा-नारिंगी पंखा फुलवणाऱ्या सरड्याची एक जात शास्त्रज्ञांनी अगदी अलीकडे, २०१६ मध्ये, चाळकेवाडीच्या पठारावरून नव्याने नोंदवली. तुमचा ग्रुप ज्या पवनचक्क्यांचं उदाहरण देतो, तशा पवनचक्क्या जिथे उभ्या आहेत त्याच चाळकेवाडीवरून.

राहिला हिवाळा. दिवाळी झाली, जमीन सुकली, बी पडलं, पाखरांची वीण अजून सुरू व्हायची आहे. सगळ्यांत कमी नुकसानीचा काळ हाच. पण तेव्हा गवत कंबरेएवढं आणि वाळलेलं असतं, गाडीचा सायलेन्सर चांगला तापलेला असतो, आणि सड्यावर वणवा लागायला तेवढं पुरतं. त्या गवतावर गावातल्या जनावरांचा उन्हाळा निघतो. म्हणून जायचंच तर गवत कापून गंजी लागल्यावर जा, होळीच्या बऱ्याच आधी, आणि पूर्वीपासून चाकोरी असेल तेवढ्याच वाटेने. चाकोरी सोडून डावी-उजवी करायची नाही, मग समोर खड्डा असो वा दगड. पलीकडे जाता येत नसेल तर उतरून चालत जा.

आता पाणंद. तुमच्या पत्रात ती एका वाक्यात येऊन जाते, माझ्या मते सगळ्यांत मोठी गोष्ट तीच आहे.

पाणंद ही सकाळी सहाला दुधाची किटली घेऊन निघणाऱ्या माणसाची, दप्तर पाठीला लावून शाळेत जाणाऱ्या पोरांची, बाळंतिणीला दवाखान्यात नेणाऱ्या रिक्षाची वाट आहे. पावसाळ्यात ती मुळातच कशीबशी टिकून असते. बैलगाडीनेही चाकोरी पडते, ट्रॅक्टरने तर पडतेच, हे खरं. पण तुमच्यासारख्या गाडीचं वजन पावणेदोन टनांच्या आसपास, वर मड टायरची नखं, आणि चौदा गाड्या वर जाऊन चौदा खाली आल्या. चिखलात पडलेला खोल चर नंतर नुसता चर राहत नाही. पाऊस आला की पाणी त्यातून धावतं, माती घेऊन जातं, आणि पुढच्या आठवड्यात त्याची ओघळ होते. खालची माती चाकांनी इतकी दाबलेली असते की पाणी मुरत नाही, वरच साचतं. मग माणसं बांधावरून जाऊ लागतात. बांध खचला की ज्याचं शेत त्याच्याशी भांडण. तुमच्या मामांचा बांध त्या वाटेवर असेल तर ‘पाहुणे तुमचे’ हे वाक्य त्यांनी या वर्षात किती जणांकडून ऐकलं असेल, विचार करा. तरी ते तुम्हाला जेवणाचं विचारतात.

म्हणून तुमच्या तीन पर्यायांपैकी एकही मला पुरेसा वाटत नाही. मनाला लावून घेणं उगाच नाही. पण ग्रुप सोडलात काय किंवा गाडी विकलीत काय, पाणंद आहे तशीच राहते आणि तुम्ही मात्र मोकळे होता. विकलेली गाडी कोणी तरी घेणारच, आणि तो ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये शोभेला ठेवणार नाही. (पत्नीशी मात्र निवांत बोला. ‘गाडी विका’ म्हणणारी बायको बऱ्याचदा गाडीविषयी बोलत नसते, शनिवार-रविवारांविषयी बोलत असते. तो विषय या पत्रापुरता बाजूला ठेवते.) मला स्वतःला अशा गाडीत बसायला आवडतं. जिथे एसटी जात नाही अशा वाडीवर पोचवणारी गाडी ही वाईट वस्तू कशी असेल?

ग्रुपचे बाकीचे मुद्दे थोडक्यात. पवनचक्क्यांसाठी पठारांवर रस्ते फोडले गेले हे खरं आहे आणि त्याचा राग येणंही रास्त आहे. त्या रागापोटी उरलेला सडा आपण नांगरायचा, हे मात्र माझ्या डोक्यात शिरत नाही. ‘दुसरे जाणारच’ याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे: दुसरे आले ते तुमचं रील पाहून. त्याआधी त्या सड्याचं नाव पुण्यात कोणाला ठाऊक होतं? आणि चिपळूण. २०२१ च्या जुलैमधल्या पुरात तुमच्या ग्रुपने गाड्या नेल्या असतील तर त्याबद्दल मनापासून आदर आहे. पण त्याचा हिशेब चिपळूणकरांशी. तो मामांच्या पाणंदीवर वसूल करता येत नाही.

काय करायचं ते आता सांगते.

गणपतीनंतरची सहल रद्द करा, निदान तुमच्या मामांच्या गावची तरी. पुढे ढकलू, बघू, पाऊस कमी असेल तर जाऊ, असं अर्धवट ठेवू नका. ग्रुपवर लांबलचक निबंधही नको. त्यावर शंभर प्रतिसाद येतील आणि सहल तशीच राहील. मी असं लिहीन: ‘मित्रांनो, गेल्या वर्षी आपण गेलो त्यात गावची पाणंद खराब झाली. गाव माझं आहे, बोलणी माझ्या मामांना बसतात. या सप्टेंबरला मी येणार नाही आणि तुम्हीही त्या गावी जाऊ नका, ही विनंती. दिवाळीनंतर पाणंद दुरुस्त करायला जाणार आहे. कोण येतं सांगा.’ एवढंच. चर्चेला फाटे फुटले तर ‘मामांना फोन लावून देऊ का?’ असं विचारा, पण लावू नका. मामांना त्यात ओढायचं नाही.

रील काढून टाका. तुमच्या खात्यावर नसेल तर ज्याच्या खात्यावर आहे त्याला भेटून सांगा, फोनवर नको. काढायला तयार नसेल तर निदान गावाचं नाव आणि लोकेशन तरी काढायला सांगा. पसरलेलं परत गोळा होत नाही, हे मलाही कळतं, पण नवीन माणसाला सहज सापडणं थांबतं.

मग एकटे गावी जा. एसटीने किंवा साध्या गाडीने गेलात तर उत्तम. मामेभावाला घेऊन पाणंद वरपासून खालपर्यंत पायी उतरा. मामांसमोर माफीनामा वाचायची गरज नाही. त्यांना त्याने अवघडल्यासारखंच होईल. ‘पाणंद बघून आलो, दिवाळीनंतर मुरूम टाकायचा म्हणतोय, कोणाला विचारावं लागेल?’ असं म्हणा. त्यांना काय बोलायचं असेल ते मग आपोआप बोलतील. मामींना, त्या दिवशी भाकऱ्यांना हाताशी कोण कोण होतं ते विचारा, आणि त्यांच्याकडे चहाला जाऊन या.

२ ऑक्टोबरला बहुतेक गावांत ग्रामसभा होते. तिथे मामेभावामार्फत विषय मांडायला सांगा: गाड्यांनी पाणंद खराब झाली, दुरुस्तीला आम्ही हातभार लावतो, आणि पुढे गाड्या वर सोडायच्या की नाही ते गावाने ठरवावं. सरपंचांना एकट्याला गाठून ‘मॅनेज’ करण्याचा मोह होईल, तो टाळा. सभेत बायका, गुराखी, दूधवाले असतात. एका माणसाच्या ओसरीवर ते नसतात. गाव ‘नको’ म्हणालं तर तो निकाल. ‘या, पण इतक्याच गाड्या, इतक्याच दिवसांत, आमचा माणूस बरोबर घेऊन’ असं म्हणालं तर तेही लेखी घ्या. अर्थात जमीन वनखात्याची निघाली तर ग्रामसभेच्या होकाराने भागणार नाही, खात्याची परवानगी लागेलच.

दुरुस्ती जमीन वाळल्यावर, कार्तिकात किंवा त्याच्याही नंतर. ट्रॉल्या, दगड, मुरूम, गरज पडली तर जेसीबी. पाणी कुठून काढून द्यायचं हे गावातल्या जुन्या माणसाला विचारून ठरवा, नाहीतर टाकलेला मुरूम पहिल्याच पावसात ओढ्यात जाईल. ग्रुपमधल्या एखाद्याच्या टायरच्या सेटच्या पैशांत किती ट्रॉल्या मुरूम येतो, ते मामेभावाला विचारा आणि तो आकडा ग्रुपवर टाका. ग्रुपच्या नावाचा फ्लेक्स मात्र लावू नका, आणि ड्रोनही नको.

त्या गुराखी बाबांनाही भेटा. बाचाबाची तुमच्या ग्रुपशी झाली नव्हती, तरी. कुठे पाणी साठतं, कुठे जनावरं बसतात, टिटव्या कुठे असतात, कोणत्या वाटेने चाक नेलं तर चालेल, हे सड्यावर त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. उद्या गावाने वाटाड्या घेऊनच जायचं ठरवलं तर तो मान आणि ती मजुरी त्यांना मिळावी.

हौसेचं काय? ती भागवायला जागा आहेत. खासगी जमिनीवर तयार केलेले ऑफ-रोड ट्रॅक आहेत. बंद पडलेल्या खडीच्या खाणी आहेत, मालकाची लेखी परवानगी घेऊन. तिथे चढ, उतार, दगड, चिखल सगळं मिळतं. बाहेर जाल तेव्हा चार-पाचपेक्षा जास्त गाड्या नेऊ नका. चौदा गाड्यांची जत्रा होते आणि शेवटच्याला पहिल्याने काय तुडवलं ते दिसतही नाही. ओढा ओलांडायचा तर गावाचा नेहमीचा उतार असेल तिथूनच आणि एकदाच. ओढ्याच्या पात्रातून वरखाली गाड्या पळवणं पूर्ण बंद. खाली कोणाच्या तरी नळपाणी योजनेची विहीर असते. पहिल्या पावसात तर वलगणीचे मासे अंडी घालायला त्याच पाण्यातून वर चढत असतात. विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढायचं यंत्र) लावायची वेळ आली तर झाडाला उघडा दोर आवळू नका, रुंद पट्टा वापरा. साल कापली गेली की झाड उभ्याउभ्या मरतं. भाताच्या खाचरात आणि रोपांच्या तरव्यात चाक जाता कामा नये, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

हे पत्र वाचणाऱ्यांत कोकणच्या वाळूत गाडी घालणारेही असतील. त्यांच्यासाठी चार ओळी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांच्या मदतीने समुद्री कासवांची अंडी जपायला सुरुवात केली, आणि आज ते काम रत्नागिरी-रायगड-सिंधुदुर्गातल्या अनेक किनाऱ्यांवर चालतं. साधारण नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री वाळूत वर येऊन शंभरेक अंडी घालते. सगळीच घरटी कार्यकर्त्यांना सापडतात असं नाही. न सापडलेल्या घरट्यावरून चाक गेलं की वाळू दबते, आणि पिल्लू बाहेर आलंच तरी समुद्राकडे जाताना चाकोरीत पडतं. तुमच्या-माझ्या पावलाला जी चाकोरी जाणवतही नाही, तिची भिंत तळहातापेक्षाही लहान पिल्लाला चढवत नाही. ते तिच्यातच धावत राहतं, तोवर कावळे येतात किंवा कुत्री. किनाऱ्यावर गाडी नेऊच नये. यात ऋतूची सवलत नाही. भरतीत अडकलेल्या गाड्यांचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील, ते ओढायला येणारे ट्रॅक्टर आणि माणसंही त्याच गावची असतात.

शेवटची गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. तुमच्या नकारानंतरही ग्रुपमधले आठ-दहा जण निघतील, अशी शक्यता बरीच आहे. तसं कळलं तर आधीच मामेभावाला फोन करा. सांगा, की हे लोक अमुक दिवशी येतायत, मी त्यांच्याबरोबर नाही, ते माझं नाव सांगतील तर माझ्या नावावर त्यांना वर सोडू नका आणि घरी जेवणही नको. मित्रांशी हा दगा आहे असं वाटत असेल तर तोच निरोप ग्रुपवरही टाका, म्हणजे लपवाछपवी राहणार नाही. पाणंदीच्या तोंडाशी गावाने दोन दगड आडवे लावले तर गाड्या तिथूनच वळतील, आणि मामांना काहीच बोलावं लागणार नाही.